नौदलाचे रडार आणि किनाऱ्यावरचे मनोरे

रेडिओलहरींचे वाटप जगभर साधारण एकाच क्रमाने होत गेले. आधी आले सैन्य, नौदल, विमानवाहतूक आणि हवामान खाते. त्यांनी आपापल्या रडारांसाठी आणि संदेशवहनासाठी हवे ते पट्टे घेतले. त्या काळात त्या लहरींना दुसरा कोणी मागणारा नव्हता, त्यामुळे किती लागतात आणि किती घेतल्या याचा हिशेबही कोणी मागितला नाही. मोबाइल टेलिफोन आला तेव्हा एक ते सहा गिगाहर्ट्झमधला सर्वांत उपयोगी भाग मोठ्या प्रमाणात सरकारी खात्यांच्या ताब्यात होता. तेव्हापासून या वाटणीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: जुन्या सरकारी यंत्रणेला धक्का न लावता त्याच पट्ट्यात नव्या व्यापारी यंत्रणेला जागा कशी द्यायची?

या प्रश्नाचा सर्वांत तपशीलवार अनुभव अमेरिकेच्या गाठीशी आहे. तिथे लहरींना दोन धनी आहेत. खासगी कंपन्या, राज्य सरकारे आणि सामान्य नागरिक यांच्या वापराचे नियमन 1934 च्या कायद्याने स्थापन झालेला संघीय दळणवळण आयोग, म्हणजे एफसीसी, करतो. केंद्र सरकारच्या खात्यांना लहरी नेमून देण्याचे काम 1978 मध्ये वाणिज्य खात्यात सुरू झालेल्या एनटीआयए या संस्थेकडे आहे. एकाच पट्ट्यात दोघांचे लोक असले की दोन्ही संस्थांचे एकमत झाल्याशिवाय काही हलत नाही, आणि ते एकमत व्हायला अनेकदा वर्षे लागतात.

सुरुवातीचा उपाय सोपा होता: सरकारी यंत्रणा दुसऱ्या पट्ट्यात हलवायची आणि हलवण्याचा खर्च लिलावाच्या पैशातून भागवायचा. 2004 च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र निधी उभारला. जानेवारी 2015 मध्ये संपलेल्या लिलावात 1755 ते 1780 मेगाहर्ट्झसह काही पट्टे विकले गेले आणि सुमारे 4,490 कोटी डॉलरच्या बोली लागल्या. भारतात हीच वाट निराळ्या रूपाने चोखाळली गेली. संरक्षण दलांनी लहरी मोकळ्या कराव्यात म्हणून त्यांच्यासाठी देशभर स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचे जाळे टाकण्याचा प्रकल्प बीएसएनएलकडे देण्यात आला आणि 2018 पर्यंत त्याचा मंजूर खर्च 24,664 कोटी रुपयांवर गेला. बिंदूपासून बिंदूपर्यंतचे संदेशवहन तारेवर नेता येते, म्हणून हा सौदा जमला. विमानवाहू जहाजावरचे रडार तारेवर नेता येत नाही. सोप्या यंत्रणा हलवून झाल्या, अवघड तेवढ्या उरल्या. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने जुलै 2012 च्या अहवालात म्हटले की यापुढे पट्टे रिकामे करून घेण्याऐवजी सहवापर हाच नियम मानावा आणि सरकारी ताब्यातले 1000 मेगाहर्ट्झ त्यासाठी शोधावेत.

सहवापर म्हटला की व्यत्ययाचे गणित आलेच. प्रत्येक ग्राही यंत्रात कोणी काही प्रक्षेपित करत नसतानाही उष्णतेमुळे थोडा विद्युत गोंगाट असतो. ज्याला क्षीण संकेत ऐकायचा आहे, त्याची खालची मर्यादा हा गोंगाट ठरवतो. बाहेरच्या लहरी त्यात मिसळल्या की मर्यादा वर सरकते. व्यत्ययाची शक्ती मूळ गोंगाटाच्या पावपट असेल तर एकूण पातळी सुमारे एक डेसिबलने वाढते, आणि रडारांच्या संरक्षणासाठी बहुधा हीच मर्यादा धरली जाते. रडारकडे परतणारा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होत असल्याने एका डेसिबलच्या वाढीने रडारचा पल्ला साधारण साडेपाच टक्क्यांनी घटतो आणि त्याच्या नजरेखालचे क्षेत्र सुमारे अकरा टक्क्यांनी आक्रसते. पडद्यावर कसलीही खूण उमटत नाही. दूरचे विमान उशिरा दिसते, एवढेच. रडार चालवणाऱ्याला व्यत्यय झाल्याचे कळतही नाही, आणि म्हणूनच नौदलासारख्या वापरकर्त्याला 'तक्रार आली तर बघू' ही पद्धत मान्य होत नाही.

त्यात बेरजेचा प्रश्न असतो. एकेक मनोरा मर्यादेच्या कितीतरी आत असला, तरी हजारो मनोऱ्यांची शक्ती एकत्र होऊन रडारपर्यंत पोहोचते. लहरी किती दूर जातील हेही स्थिर नसते. समुद्रावरच्या दमट हवेवर गरम आणि कोरड्या हवेचा थर बसला की त्यांच्यात अडकलेल्या लहरी क्षितिजापलीकडे वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत बसवलेल्या, सुमारे दीड मीटर तरंगलांबीच्या रडारवर उन्हाळ्यात अरबी समुद्र ओलांडून अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत, हे उदाहरण रडारच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत प्रसिद्ध आहे. वर्षातले बहुतेक दिवस जे अंतर सुरक्षित असते, ते एखाद्या मे महिन्यात अपुरे पडू शकते.

एवढी अनिश्चितता असली की अभियंता सर्वांत वाईट शक्यता धरून चालतो: मनोरा पूर्ण शक्तीने चालू, रडारचे तोंड नेमके त्याच्याकडे, मध्ये इमारत नाही, झाड नाही, हवा लहरींना अनुकूल. अशा सगळ्या गृहीतकांची साखळी जोडली की जे अंतर निघते ते प्रचंड असते. अमेरिकेतल्या 3550 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे आधी तसेच झाले. त्या पट्ट्यात विमानवाहू जहाजांवरचे आणि पाण्यातून उतरणाऱ्या सैन्याच्या जहाजांवरचे एसपीएन-43 हे रडार काम करते. ते 1960 च्या दशकातले आहे आणि जहाजाकडे येणाऱ्या विमानांना रांगेत आणण्यासाठी वापरले जाते. त्याचा सुमारे एक मायक्रोसेकंदाचा झटका शिखरावर मेगावॉटच्या घरात जातो, म्हणून काळजी दोन्ही बाजूंची होती. मोबाइल यंत्रणेमुळे रडार बिघडू नये, आणि रडारच्या झटक्याने मोबाइलचे ग्राही बधिर होऊ नयेत. 2010 मध्ये एनटीआयएने सुचवलेली बंदीक्षेत्रे किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत जात होती आणि त्यांत देशाची सुमारे 60 टक्के लोकसंख्या येत होती. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, मायामी ही सगळी शहरे बंदीत गेली. उरलेल्या भागासाठी यंत्रणा उभारायला कुठलीही कंपनी तयार होईना.

पाच वर्षांनी गणित पुन्हा मांडले गेले. या वेळी उंच मनोऱ्यांऐवजी कमी शक्तीची, कमी उंचीवरची छोटी केंद्रे धरली आणि भूभाग व रडार यांचे गुणधर्म अधिक बारकाईने हिशेबात घेतले. बंदीक्षेत्र 77 टक्क्यांनी घटले. या पाच वर्षांत नौदलाचे एकही जहाज हलले नव्हते आणि रडारही तेच होते. बदलली ती फक्त गृहीतके, आणि सहवापराच्या साऱ्या चर्चेत या एका घटनेला हवे तितके महत्त्व मिळालेले नाही. बंदीक्षेत्राच्या रुंदीत भौतिकशास्त्राचा वाटा असतोच, पण बऱ्याचदा अज्ञानाचा वाटा त्याहून मोठा असतो. समोरचा कुठे आहे, कधी चालू आहे, किती सहन करू शकतो हे माहीत नसले की प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 'सर्वांत वाईट' असे धरावे लागते. व्यत्यय कमी करण्याचे आजवर जे उपाय टिकले, ते सगळे या ना त्या रीतीने हे अज्ञान कमी करणारे आहेत.

पहिला मोठा प्रयोग घराघरांतल्या वायफायवर झाला. 2003 मध्ये जिनिव्हाला भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने 5 गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे वायफायला खुले केले. त्यांतले 5250 ते 5350 आणि 5470 ते 5725 मेगाहर्ट्झ हे भाग लष्करी आणि हवामान रडारांचेही होते. अट अशी की वायफायच्या यंत्राने स्वतःच रडारचा कानोसा घ्यावा. एखाद्या वाहिनीवर जाण्यापूर्वी 60 सेकंद ऐकायचे, वापर चालू असताना रडारचे स्पंद आढळले तर 10 सेकंदांत वाहिनी सोडायची आणि 30 मिनिटे तिथे परतायचे नाही. ही कल्पना कागदावर देखणी आहे. मध्यवर्ती नोंद नको, परवाना नको, सरकारने आपली रडारे कुठे आहेत हेही सांगायला नको.

2009 मध्ये प्वेर्तो रिकोतल्या सान हुआन विमानतळाजवळच्या हवामान रडारवर व्यत्ययाच्या रेषा दिसू लागल्या. हे रडार 5600 ते 5650 मेगाहर्ट्झमध्ये चालते. धावपट्टीजवळ अचानक खाली कोसळणारे वाऱ्याचे झोत ओळखून वैमानिकांना सावध करणे हे त्याचे काम. शोध घेतल्यावर मूळ सापडले ते खासगी इंटरनेट पुरवठादारांनी उंचावर, घराबाहेर बसवलेल्या 5 गिगाहर्ट्झच्या जोडण्यांमध्ये. पुढे अमेरिकेतल्या आणखी विमानतळांजवळ तेच आढळले. काही ठिकाणी रडार ओळखण्याची सोय बंद केलेली होती, काही ठिकाणी यंत्र दुसऱ्या देशाच्या नियमांवर लावलेले होते. एफसीसीने दंड केले आणि 2014 मध्ये सुधारलेल्या नियमांत यंत्रातले सॉफ्टवेअर बाहेरच्या माणसाला बदलता येणार नाही अशी तजवीज उत्पादकांवर बंधनकारक केली. या प्रकरणात ऐकण्याच्या तंत्रापेक्षा त्याच्याभोवतीची रचना अधिक कच्ची ठरली. ऐकण्याचे काम ज्याच्यावर सोपवले, त्याला न ऐकण्यातच फायदा होता. शिवाय यंत्र कोणाचे, कुठे बसवलेले, याची नोंद कुठेच नसल्याने चूक करणारा शोधण्यासाठी अभियंत्यांना गाडीत अँटेना घेऊन फिरावे लागले.

3550 ते 3700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी एफसीसीने एप्रिल 2015 मध्ये मंजूर केलेली 'सिटिझन्स ब्रॉडबँड रेडिओ सर्व्हिस', थोडक्यात सीबीआरएस, हा धडा घेऊनच आखली गेली. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर नौदलाची रडारे आणि उपग्रहांची जुनी भूकेंद्रे, त्यांच्याखाली लिलावात परवाना घेतलेले, आणि तळाशी परवान्याशिवाय येणारे. खालच्याने वरच्याला त्रास द्यायचा नाही आणि वरच्याकडून झालेल्या त्रासाबद्दल तक्रार करायची नाही. पट्ट्यातल्या 70 मेगाहर्ट्झचे परवाने 2020 च्या उन्हाळ्यात जिल्हावार विकले गेले आणि बोलींची बेरीज सुमारे 458 कोटी डॉलर झाली. घेणाऱ्यांत मोबाइल आणि केबल कंपन्या होत्याच, पण पुण्याजवळच्या सणसवाडीतल्या कारखान्यामुळे महाराष्ट्राला परिचित असलेली जॉन डीअर ही ट्रॅक्टर कंपनीही होती. तिला आपल्या कारखान्यांच्या आवारातच खासगी जाळे हवे होते.

या व्यवस्थेत कुठलेही केंद्र स्वतःच्या मर्जीने प्रक्षेपण करू शकत नाही. त्याला आधी एका मध्यवर्ती संगणक यंत्रणेकडे नोंद करावी लागते: जागा, उंची, शक्ती, अँटेनाची दिशा. आडव्या अंतरात 50 मीटर आणि उंचीत 3 मीटर एवढीच चूक चालते, आणि मोठ्या शक्तीची केंद्रे प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञानेच बसवावी लागतात. गूगल, फेडरेटेड वायरलेस अशा अनेक खासगी संस्था या वाटप-यंत्रणा चालवतात. प्रत्येक केंद्राला आपल्या यंत्रणेशी सतत संपर्क ठेवून परवानगी ताजी करून घ्यावी लागते. परवानगी आली नाही की केंद्राने गप्प बसायचे. वायफायच्या प्रयोगात यंत्राचे काम बंद पडले तर रडारला त्रास होत असे. इथे संपर्क तुटला तर तोटा यंत्राच्या मालकाचाच होतो. दोन्ही व्यवस्थांमधला सर्वांत मोलाचा फरक हाच आहे.

बेरजेचा प्रश्नही या यंत्रणाच सोडवतात. एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या या संस्था रोज रात्री आपापल्या केंद्रांची माहिती एकमेकींना देतात आणि सगळ्यांची मिळून रडारपाशी किती शक्ती पोहोचेल याचे गणित नव्याने करतात. कोणत्या केंद्राने रडार आल्यावर थांबायचे हे त्या गणितातून आधीच ठरलेले असते.

रडार आले हे कळते किनाऱ्यावरच्या संवेदकांमुळे. समुद्राकडे तोंड करून बसवलेले हे संवेदक नौदलाच्या रडारचे स्पंद ऐकतात आणि वाटप-यंत्रणेला कळवतात. त्यानंतर 300 सेकंदांच्या आत त्या भागातली संबंधित केंद्रे त्या वाहिनीवरून हटली पाहिजेत, आणि आदेश मिळाल्यावर प्रत्येक केंद्राने 60 सेकंदांत प्रक्षेपण थांबवले पाहिजे. जहाज निघून गेले की वाहिनी परत मिळते.

नौदलाला भीती व्यत्ययाची होती तशीच माहिती फुटण्याचीही होती. कोणते जहाज कोणत्या दिवशी कुठे आहे हे किनाऱ्यावरच्या खासगी संवेदकांनी नोंदवून ठेवले, तर कोणत्याही हेरासाठी तो खजिनाच. म्हणून समुद्राचे मोठमोठे तुकडे पाडून त्यांना संरक्षण क्षेत्रे ठरवले गेले. संवेदक सांगतो ते इतकेच की अमुक क्षेत्रात अमुक वाहिनी सध्या व्यापलेली आहे. त्या विशाल तुकड्यात जहाज नेमके कुठे, हे यंत्रणेला कळत नाही, आणि संवेदकांनी काय साठवून ठेवायचे यावरही निर्बंध आहेत. व्यत्यय टाळायला जेवढी माहिती लागते तेवढीच द्यायची, असा हा करार आहे. लष्करी गुप्तता आणि सहवापर यांचे कधीच जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरेसे असावे.

या गुप्ततेची किंमत मात्र मोजावी लागली. जहाज क्षेत्राच्या एका कोपऱ्यात असले तरी संपूर्ण क्षेत्राभोवतीची केंद्रे हटवावी लागतात. एखादा संवेदक बिघडला की त्याच्या नजरेखालच्या क्षेत्रात रडार चालूच आहे असे धरले जाते. त्यातही गमतीची गोष्ट अशी की संवेदकाला क्षीण स्पंद ऐकू यावेत म्हणून त्याच्याभोवती शांतता लागते, त्यामुळे संवेदकाच्या परिसरातल्या केंद्रांना शक्ती कमी ठेवावी लागते. किनारा खुला व्हावा म्हणून उभे केलेले यंत्र आपल्या शेजारचा किनारा बंद करून बसले. जमिनीवरच्या काही लष्करी रडारांसाठी मग संवेदक टाळून साधी वेळापत्रकाची सोय केली गेली: वापरणाऱ्या खात्याने आपला वापर एका संगणकीय दालनात आधी नोंदवायचा आणि तेवढ्या वेळेपुरती वाहिनी राखून ठेवायची. ही पद्धत स्वस्त आहे आणि अधिक अचूकही आहे. ऐकून अंदाज बांधण्यापेक्षा समोरच्याने सांगितलेले केव्हाही बरे. पण त्यासाठी सांगण्याची तयारी लागते, आणि ती तयारी यंत्र बसवून आणता येत नाही.

जून 2024 मध्ये एनटीआयए, एफसीसी आणि संरक्षण खाते यांनी या पट्ट्यातली गृहीतके पुन्हा एकदा तपासली. इमारती आणि झाडे यांमुळे लहरींची होणारी घट, आणि केंद्रे प्रत्यक्षात किती वेळ प्रक्षेपण करतात, यांचा हिशेब अधिक वास्तव केला गेला. त्यामुळे आणखी 7.2 कोटी लोकांची वस्ती असलेला भाग रडारसाठी सेवा थांबवण्याच्या अटीतून मोकळा झाला. अशा भागांतली एकूण लोकसंख्या सुमारे 24 कोटींवर गेली. त्याच्या चौदा वर्षे आधी याच पट्ट्यात देशाची बहुसंख्य लोकसंख्या बंदीत होती, हे इथे लक्षात घ्यावे.

ऐकणे असो की सांगणे, दोन्ही उपाय प्रक्षेपण करणाऱ्या वापरकर्त्यासाठी आहेत. जो स्वतः काहीच पाठवत नाही, नुसता ऐकतो, त्याचा कानोसा कुठलाही संवेदक घेऊ शकत नाही. उपग्रहांची भूकेंद्रे अशीच, म्हणून सीबीआरएसमध्ये त्यांची जागा नोंदवून घेऊन त्यांच्याभोवती कायमचे संरक्षण द्यावे लागले. या प्रकारचे सर्वांत टोकाचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावजवळ खोडद इथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या पैशावर चालते. ती दूरच्या आकाशगंगांमधून येणाऱ्या ज्या लहरी टिपते, त्यांच्या तुलनेत काही किलोमीटरवरचा एखादा मोबाइलही प्रचंड असतो. डोंगरांचा आडोसा आणि विजेच्या यंत्रांचा कमी गोंगाट ही जागा निवडण्याची महत्त्वाची कारणे होती. उदासीन हायड्रोजनच्या रेषेसाठी 1400 ते 1427 मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर कोणत्याही प्रक्षेपणाविना राखलेला आहे, पण दुर्बीण त्याबाहेरच्या पट्ट्यांतही निरीक्षण करते, आणि तिथे तिला नियमांपेक्षा अंतराचाच आधार अधिक आहे. पुणे ते नाशिक रेल्वेमार्गाची आखणी या दुर्बिणीच्या आक्षेपामुळे बदलावी लागली. मूक वापरकर्त्याला इतक्या ढोबळ साधनानेच वाचवावे लागते, कारण त्याच्या बाबतीत अज्ञान कमी करण्याचा दुसरा मार्ग फारसा उरत नाही. निरीक्षणाच्या वेळा आणि दिशा शेजाऱ्यांना आधी कळवणे हा एक मार्ग आहे, पण तो ज्या शेजाऱ्यांची वाहिनी बदलता येते त्यांच्यापुरताच.

आतापर्यंतचे सगळे उपाय प्रेषकावर ओझे टाकतात. ग्राही यंत्राकडे मात्र नियामकांनी बरीच वर्षे पाहिलेच नाही. लाइटस्क्वेअर या कंपनीला 2011 च्या सुरुवातीला 1525 ते 1559 मेगाहर्ट्झच्या उपग्रह-पट्ट्यात जमिनीवरचे मनोरे उभारण्याची सशर्त मुभा मिळाली. शेजारी, 1559 च्या वर, तेव्हा अमेरिकी हवाई दलाकडे असलेल्या जीपीएस उपग्रहांचा पट्टा आहे. कंपनीचे मनोरे जीपीएसच्या पट्ट्यात शिरतच नव्हते. जीपीएसचे अनेक ग्राहीच शेजारच्या पट्ट्यापर्यंत कान पसरून बसले होते, कारण तिथे आजवर फक्त उपग्रहाचे क्षीण संकेत येत आणि चांगल्या फिल्टरवर खर्च करण्याचे कोणाला कारण नव्हते. चाचण्यांत ग्राही बधिर होत असल्याचे दिसले, परवानगी अडकली आणि मे 2012 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे तोच वाद विमानांच्या उंचीमापक रडारांवरून झाला. ते 4200 ते 4400 मेगाहर्ट्झमध्ये चालतात आणि नव्या 5जी सेवेचा पट्टा 3980 वर संपत होता. मध्ये 220 मेगाहर्ट्झची मोकळी जागा असूनही विमानवाहतूक प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला. 19 जानेवारी 2022 रोजी एअर इंडियासह अनेक कंपन्यांनी अमेरिकेची काही उड्डाणे रद्द केली, आणि शेवटी जुन्या उंचीमापकांवर फिल्टर बसवावे लागले.

या दोन्ही प्रकरणांत दोष कोणाचा, यावर अजून वाद होतो. एक गोष्ट मात्र टाळता येत नाही. ग्राही किती सहन करू शकतो हे आधी कोणी जाहीर केलेले नसेल, तर पट्टा विकत घेणाऱ्याला आपण नेमके काय घेतले हेच कळत नाही. एफसीसीने एप्रिल 2023 मध्ये एक धोरणपत्र काढून व्यत्यय टाळण्याची जबाबदारी ग्राहीचीही आहे असे म्हटले. ते बंधनकारक नाही आणि खूप उशिरा आले, तरी दिशा योग्य आहे.

सरकारी खाती माहिती द्यायला का कचरतात, याचे कारण केवळ गुप्ततेत शोधू नये. अमेरिकेत काय किंवा भारतात काय, सरकारी खात्याला लहरींसाठी बाजारभावाने किंमत मोजावी लागत नाही. मोकळा पडलेला पट्टा धरून ठेवण्यात त्याचा काहीच खर्च होत नाही, आणि वापर कमी आहे हे उघड केले तर तो पट्टा जाण्याची भीती मात्र असते. अशा वेळी आपल्या गरजा फुगवून सांगणे हेच खात्याच्या हिताचे ठरते. ब्रिटनने 1998 पासून लहरींवर शुल्क लावले आणि ते आपल्या संरक्षण मंत्रालयालाही लावले. पुढे त्याच मंत्रालयाने सोडलेले 2.3 आणि 3.4 गिगाहर्ट्झचे पट्टे 2018 मध्ये लिलावात गेले. शुल्काने सगळेच साधले असे म्हणता येणार नाही, पण लहर म्हणजे फुकटची वस्तू नाही हे खात्याच्या हिशेबवहीत तरी उतरते.

सहवापराच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक हिशेब चुकवता येत नाही. सीबीआरएसमध्ये मोठ्या केंद्राला 10 मेगाहर्ट्झमागे सुमारे 50 वॉट एवढीच मुभा आहे. लगतच्या 3450 ते 3550 मेगाहर्ट्झमध्ये संरक्षण खात्याने मोजक्या ठिकाणी आणि मोजक्या वेळी समन्वयाची अट ठेवून जवळजवळ पूर्ण शक्तीला परवानगी दिली. दर मेगाहर्ट्झमागे ती तीनशेहून अधिक पट आहे. जानेवारी 2022 मध्ये संपलेल्या तिथल्या लिलावात 100 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 2,250 कोटी डॉलरच्या बोली लागल्या. कमी शक्तीची आणि केव्हाही थांबावे लागणारी सेवा बाजारात स्वस्त जाते. मोठ्या मोबाइल कंपन्या याच आकड्यांवर बोट ठेवतात. मात्र कारखाने, शाळा, बंदरे आणि छोटे इंटरनेट पुरवठादार यांना ज्या किमतीत आणि ज्या अटींवर सीबीआरएसमध्ये शिरता आले, तसे त्यांना दुसऱ्या कुठल्याही मध्यपट्ट्यात शिरता आलेले नाही. सरकारी तिजोरीत किती आले एवढ्यावरच पट्ट्याचे मोल ठरवायचे की नाही, हा प्रश्न लिलावाचा आकडा सोडवत नाही.

भारतात 3300 ते 3670 मेगाहर्ट्झचा पट्टा 2022 च्या लिलावात रिकामा करून देण्याच्या जुन्याच रीतीने गेला. 2023 च्या दूरसंचार कायद्यात लहरींच्या सहवापराची आणि दुय्यम वाटपाची तरतूद आहे, त्यामुळे कायद्याचा अडसर आता उरलेला नाही. गरज आहे ती नोंदींची: कोणते सरकारी यंत्र कुठे, कधी आणि किती संरक्षण मागते याची, आणि ती नोंद कोणाला किती दाखवायची याच्या नियमांची. अमेरिकेने संवेदक आणि वाटप-यंत्रणा उभारण्यात घालवलेली वर्षे भारताला पुन्हा घालवण्याची गरज नाही. किनारा सोडला तर वेळापत्रकाचे साधे दालनही बरेच काम भागवेल.

अमेरिकेतला पुढचा वाद सीबीआरएसच्या खालच्या बाजूला, 3100 ते 3450 मेगाहर्ट्झवर आहे. तिथे जहाजांवरची, विमानांतली आणि जमिनीवरची लष्करी रडारे दाटीने आहेत. संरक्षण खात्याने 2023 च्या आपल्या अभ्यासात सहवापर शक्य म्हटला, पण त्यासाठी आधी अधिक प्रगत समन्वय-यंत्रणा उभी राहावी अशी अट घातली. जुलै 2025 मध्ये झालेल्या कायद्याने एफसीसीला लिलावाचे अधिकार परत दिले आणि 800 मेगाहर्ट्झ शोधून विकण्याचे उद्दिष्ट ठरवले. 3100 ते 3450 मेगाहर्ट्झचा पट्टा त्याच कायद्याने या शोधातून वगळला.